माळ्यावरची पेटी खाली उतरवताना

माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम, २१ वर्षं माळ्यावर होती. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात वाढलेल्या मुलीला पेटीचं अप्रूप नसतं. गायिका केसरबाई केरकर इथल्याच केरीच्या, गायक दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी इथल्याच मंगेशीचे. आमच्या वाड्यावरच्या देवळात दर सोमवारी भजन व्हायचं. नवव्या वर्षी मी तिथे झांज धरली, बाराव्या वर्षी पेटीवर बसले आणि तिसाव्या वर्षी थांबले. नोकरी, पणजीची बस, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. कुणीही मला अडवलं नाही. एक सोमवार चुकला, मग दोन, मग भजन असतं हेही विसरायला झालं.

५१व्या वर्षी पेटी खाली काढली, त्याला आता तीन वर्षं झाली. मधल्या काळात पुष्कळ जणांनी विचारलं की सुटलेली गोष्ट परत धरायची तरी कशी. कुणाची कविता सुटली होती, कुणाचं घुमट हे मातीचं वाद्य, कुणाचं जत्रेतलं नाटक. मला जमलं त्या क्रमाने इथे लिहिते आहे. गाणं आणि थोडंफार लिहिणं एवढंच मला ठाऊक असल्यामुळे उदाहरणं त्यातलीच जास्त येतील.

पहिलं काम: नेमकं काय सुटलं?

‘मला कलेची आवड होती’ या वाक्यातून काही हाती लागत नाही. एक वही घ्या आणि आठ ते सोळा या वयातल्या दहा आठवणी लिहा, ज्यांत तुम्ही जेवायची हाक विसरला होतात. प्रत्येक आठवणीत तीन गोष्टी हव्यात: जागा कुठली, हातात काय होतं, शेजारी कोण होतं. ‘मला गाणं आवडायचं’ असं नको. ‘देवळाच्या चौकात खांबाला टेकून बसले होते, हातात झांज होती, समोर मावशी पेटीवर होती’ असं हवं. आठवत नसेल तर मोठ्या बहिणीला, मावशीला, शेजारच्या काकींना विचारा. आपलं लहानपण आपल्यापेक्षा त्यांना जास्त आठवतं.

दहाही लिहून झाल्यावर त्यांतल्या क्रियापदांखाली रेघ मारा. खरी गोष्ट तिथे सापडते. माझ्या एका मैत्रिणीला वाटायचं की तिची चित्रकला सुटली. रंग, कागद आणून तिने वर्ग लावला आणि महिन्याभरात सोडला. पुढे तिने ही यादी केली तेव्हा रेघा कशाखाली आल्या? गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधणं, देवाला फुलांची आरास करणं, तुळशीच्या लग्नाला ऊस आणि चिंच लावून वृंदावन सजवणं. रंगवणं एकदाही आलं नव्हतं. तिला मांडायला, टांगायला, रचायला आवडत होतं. आता गणेशचवथीच्या महिनाभर आधीपासून ती रानात हिंडते. सुपारीचे घड, नारळांचा घोस, कांगलां, माट्टीची फळं यांतलं कुठलं कुठे टांगायचं याची आकृती आधी वहीत काढते. तिच्या घरची माटोळी बघायला आता शेजारच्या गावातूनही लोक येतात.

माझ्या यादीत ‘गाणं’ चारदा आलं आणि ‘साथ करणं’ सात वेळा. मला एकटीने गायचं नव्हतंच, चौघींत बसून सूर धरायचा होता. हे आधी कळलं नसतं तर मी शिकवणी लावून, परीक्षांचे फॉर्म भरून पुन्हा वैतागले असते.

थांबलं कशामुळे, तेही लिहा

कारणं दोन जातींची असतात आणि त्यांची औषधं वेगळी. एक परिस्थितीची: वेळ नव्हता, जागा नव्हती, पैसे नव्हते. ही बहुतेक आपोआप बदललेली असतात, फक्त आपण तपासून पाहिलेलं नसतं. मुलं मोठी झाली, बसची धावपळ थांबली, तरी तोंडात ‘वेळ कुठे आहे’ हेच राहतं. म्हणून जुनं कारण लिहून त्यापुढे ‘आजही खरं?’ असं विचारा.

दुसरी जात शब्दांची. पंधराव्या वर्षी एका स्पर्धेत एका परीक्षकांनी माझ्यासमोरच म्हटलं, ‘मुलीचा आवाज जाड आहे, हिने पेटीच वाजवावी.’ त्यानंतर मी एकटीने अभंग कधी उचलला नाही. हे वाक्य मी छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा कागदावर लिहिलं आणि लिहिताना हात थरथरला. तुमचंही असं वाक्य असेल तर ते जसंच्या तसं लिहा, म्हणणाऱ्याला दोष देत बसू नका आणि लगेच खोडूनही काढू नका. पुढे त्याचा उपयोग आहे.

हत्यार आधी दुरुस्त करा

या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण बहुतेक जण इथेच गळतात. उत्साहाने पेटी काढतात, ती बेसूर वाजते, आणि आपलंच गाणं गेलं असं समजून झाकून ठेवतात. गाणं गेलेलं नसतं, गोव्याचा पावसाळा पेटीत शिरलेला असतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल धरतात. पेटीत लाकूड आहे, चामडं आहे, कापड आहे, पितळ आहे, आणि या प्रत्येकाला दमटपणा वेगळा बाधतो. लाकूड फुगलं की पट्ट्या अडकतात. पितळी सुरांवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पात्यांवर, हिरवट थर चढला की सूर हलतो किंवा मुका होतो. भात्याच्या चामड्याला बुरशी येते आणि ते कडक होऊन चिरतं. झुरळं आत घर करतात, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

खाली काढल्यावर लगेच वाजवू नका आणि उन्हातही ठेवू नका. कडक उन्हात सांधे उकलतात. कोरड्या, वारा खेळता असलेल्या खोलीत झाकण उघडून दोन दिवस राहू द्या. सुक्या मऊ ब्रशने धूळ काढा, ओलं फडकं आत नेऊ नका. मग भाता तपासा. पुढच्या सगळ्या खुंट्या बंद करा, भाता भरा, एकही पट्टी दाबू नका आणि हात सोडून बघा. भाता भरलेला राहिला तर ठीक, भराभरा बसला तर हवा कुठून तरी गळते आहे. त्यानंतर खुंट्या उघडून एकेक पट्टी दाबत जा आणि कागदावर टिपा: कुठली अडकते, कुठली घरघरते, कुठली मुकी आहे. हा कागद घेऊन पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे जा. अडकलेल्या पट्टीवर खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल अजिबात सोडू नका. लाकूड तेल पितं, धूळ चिकटते आणि बिघाड वाढतो. सूर घासून मिळवणं हेही जाणत्याच्याच हाताचं काम.

दुरुस्त होऊन आली की तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापडाने झाका आणि जवळ कापराच्या वड्या ठेवा. सगळ्यांत चांगली राखण म्हणजे रोज वाजवणं. भाता हलत राहिला की आत हवा फिरते.

घुमटाचं वेगळं. ज्यांच्या घरी जुनं घुमट आहे त्यांनी आधी चामडं बघावं. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ते चालत नाही, आता बकऱ्याचं लावतात. मातीचं भांडं शाबूत असेल तर चामडं नव्याने चढवून घेता येतं. २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाल्यापासून शिकणारी मुलंही वाढली आहेत, त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाने पुन्हा हाती घ्यायला संकोच नको. नाटकवाल्यांचं हत्यार म्हणजे जुनी नक्कल. आपल्या भूमिकेची हाताने लिहिलेली वही ट्रंकेत सापडली तर ती उभं राहून, पूर्ण आवाजात वाचा, बसून पुटपुटू नका. लिहिणाऱ्यांना एक वही आणि लिहिती पेन पुरे, महागडी वही घेतली की तिच्यात चुकायची भीती वाटते.

रोजची वीस मिनिटं

वेळ कमी ठेवा, पण ठरलेली ठेवा. मी दिवेलागणीनंतरची वीस मिनिटं घेतली. घरात आधी सांगून टाकलं. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी म्हटलं, ‘आई, तुमचं औषध झालं की मी थोडा वेळ पेटीवर बसेन, चालेल?’ त्या म्हणाल्या, ‘दार उघडं ठेव, मला ऐकू येऊ दे.’ घरची माणसं अडवतील असं आपण मनात धरून बसतो. विचारल्यावर बहुतेक वेळा असंच काही होतं. आणि खरंच कुणी अडवलं, तर देवळाचा सभामंडप, मैत्रिणीचा व्हरांडा, दुपारी रिकामी असलेली शाळेची खोली या जागा आपल्या गावांत अजून मिळतात.

गाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट मान्य करावी: पट्टी, म्हणजे गाताना धरायचा मूळ सूर, खाली आणायला लागेल. पाळी गेल्यावर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो, हा शरीराचा धर्म आहे. मुलगी असताना मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, गात होते. त्याच पट्टीत अभंग उचलला आणि तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, गळा आवळला. आठ दिवस हट्ट केला, घसा बसला. मग काळी तीन करून पाहिली, शेवटी पांढरी चारवर आले आणि तिथे आवाज एकदम मोकळा झाला. तुमची पट्टी अशी शोधा: मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या ‘प’पर्यंत, आवाज न घरघरता जावा आणि तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या ‘ग’पर्यंत, न ताणता पोचावा. दोन्ही जमतील ती तुमची आजची पट्टी, तीसएक वर्षांपूर्वीची नव्हे.

पहिला महिना वीसपैकी दहा मिनिटं फक्त लांब स्वर लावा, मंद्र पंचमापासून षड्जापर्यंत. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतं ते लावा. उरलेली दहा मिनिटं एकच अभंग, तोही मुखड्यापुरता. आवाज बसून तीन आठवड्यांत सुटला नाही तर मात्र रियाज थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

लिहिणाऱ्यांनी रोज एक पान, हाताने. विषय शोधू नका, त्या दिवशी पाहिलेलं लिहा: पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, बाजारात बांगडे मासळीचा वाटा लावणारी बाई, मांडवीवरच्या पुलावर तुंबलेल्या गाड्या. महिनाभर मागचं पान वाचायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटेल. माझ्या बाबतीत सोळावा दिवस होता. पेटीवर बोटं जुन्या सवयीने बरोबर पडत होती पण गळा मागे पडत होता, आणि आपण काय होतो हे आठवणारे कान सगळ्यांत जास्त छळत होते. नवशिक्याला आपली चूक कळत नाही, परतणाऱ्याला प्रत्येक चूक कळते. म्हणूनच परतणं शिकण्यापेक्षा अवघड वाटतं. त्या दिवशी मी गायले नाही, नुसता भाता ओढत षड्ज धरून बसले. तेवढंही चालतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं करून भरपाई करू नका, वीसच करा.

आपला सूर कुठे असतो?

महिना-दोन महिन्यांनी हात वळतो आणि मग हा प्रश्न पडतो: जमतंय तर खरं, पण यात माझं काय आहे?

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी गोव्याच्या. दोघींनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली, दोघींचं घराणं एकच, जयपूर-अत्रौली. तरीही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐका. केसरबाईंचा भरदार, सलग ‘आ’कार अंगावर येतो. मोगूबाई लयीशी इतक्या बारीक खेळतात की आपण मात्रा मोजायचं विसरतो. गुरू एक, विद्या एक, गाणं दोन. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या तबकडीवरून अंतराळात गेली. मला यातून एवढंच समजलं की आपला सूर वेगळा बनवावा लागत नाही. मिळालेलं नीट गिरवत गेलं की आपला गळा, आपली बोटं जिथे तसं करत नाहीत तिथे तो दिसतो.

तो दिसण्यासाठी मी असं केलं. लहानपणी मावशीकडून उचललेला अभंग तिच्या पद्धतीने, शक्य तितका तिच्यासारखा गाऊन मोबाइलवर घेतला. आठ दिवस ऐकला नाही. मग ऐकला तेव्हा दोन जागा सापडल्या जिथे मी मावशीसारखी जातच नव्हते: ती ज्या शब्दावर हरकत, म्हणजे सुरांची छोटी गिरकी, घेऊन उडी मारायची तिथे मी खाली उतरून थांबत होते. पहिल्यांदा ती चूक वाटली, दहा वेळा गाऊनही तसंच आलं तेव्हा सोडून दिली. आता तो अभंग मी तसाच गाते. जाड आवाजाला खाली थांबणं शोभतं. त्या परीक्षकांच्या वाक्याचा उपयोग आहे म्हटलं होतं तो हा: ज्याला दोष म्हणून दाखवलं गेलं तिथे आधी शोधा.

लिहिणाऱ्या गोवेकरांची यात एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. आपण घरात कोकणी बोलतो आणि मराठीत लिहितो. शाळेत, वर्तमानपत्रांत, कीर्तनात, नाटकात मराठी भेटली, म्हणून लिहायला बसलो की एकदम पुस्तकी होतो. आजी व्हाळावर कपडे धुवायची. आपण लिहितो ‘ओढ्यावर’. पोरसात अळू होतं. आपण लिहितो ‘परसबागेत’. वाक्य शुद्ध होतं आणि आजी निघून जाते. मग वाटतं, आपल्याला लिहिताच येत नाही.

यावर एक उपाय करून बघा. लिहायची घटना आधी मोबाइलवर बोला, बहिणीला सांगावी तशी, घरच्या बोलीत. नंतर ऐकत ऐकत जशीच्या तशी उतरवा. तिसऱ्या फेरीत तिची मराठी करा आणि जे शब्द बदलताना वाक्य मरतं ते तसेच ठेवा: व्हाळ, पोरस, खाडीकाठच्या शेतीचं खाजन, तिच्या पाण्याच्या दाराची मानस, माटोळी. वाचणाऱ्याला वाक्यावरून अर्थ लागतो, कंसात समजूत घालायला नको. बोरीचे कवी बा. भ. बोरकर मराठीतही लिहीत आणि कोकणीतही, लक्ष्मणराव सरदेसाईंनी तर पोर्तुगीजमध्येही लिहिलं. दोन भाषा असणं ही आपल्याकडे कधीच उणीव नव्हती. जुनं वाचायचं असेल तर पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२पासूनचं. तिथे एक दुपार बसून गोव्यातल्या मराठी लेखकांची चार पुस्तकं नुसती चाळा आणि त्यांनी कुठले घरचे शब्द ठेवलेत ते टिपा.

काय आणायचं, काय ठेवायचं

मोगूबाईंचं कुर्डी गाव १९८०च्या दशकात साळावलीच्या धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मे महिन्यात पायऱ्या, जोती, तुळशीवृंदावनांचे चौथरे वर येतात आणि तिथले जुने लोक सणाला जमतात. पावसाबरोबर सगळं पुन्हा पाण्याखाली जातं. तिथलं महादेवाचं प्राचीन देऊळ मात्र दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी दोन्ही जागा एकाच दिवशी पाहिल्या आणि घरी येऊन वहीत दोन रकाने केले.

तुम्हीही करा. एका रकान्यात जे आजच्या आयुष्यात उचलून आणता येईल ते, दुसऱ्यात जे तिथेच राहील ते. माझ्या दुसऱ्या रकान्यात काळी चार आहे, रात्रभराची भजनं आहेत, आणि मावशीच्या शेजारची जागा आहे. त्यांच्यासाठी रडू आलं तर येऊ द्यावं. पहिल्या रकान्यात सोमवार आला, साथ आली, गजर आणि गौळण आली.

माणसांत परत जाताना

एकट्याने तीन महिने झाले की माणसांत जा, त्याआधी नको आणि त्यानंतर लांबवूही नका. गावोगाव बायकांची भजनी मंडळं आहेत. पहिल्या दिवशी पेटी मागू नका. मागे बसून झांज धरा, ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचला. कुणाची चाल कशी आहे, कोण लय ओढतं, ते कळायला चार सोमवार जातात. ऐकायलाही बाहेर पडा: फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं, कांपालची कला अकादमी. जाताना एकट्याने जायची तयारी ठेवा, सोबतीची वाट बघत दोन वर्षं निघून जातात.

चारचौघांसमोर पहिल्यांदा करायचं तर चवथीची आरती बरी. घरची माणसं, ठरलेले शब्द, सगळेच गातात त्यामुळे चूक झाकली जाते आणि कुणी टाळ्या वाजवत नाही. पंधरा दिवस आधी तीनच आरत्या ठरवा, प्रत्येकीची पट्टी वहीत लिहा, आणि आदल्या रात्री पेटी देवाच्या खोलीत नेऊन ठेवा, म्हणजे त्या खोलीतल्या हवेची तिला सवय होते.

मी माहेरी केलं. मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे, खुर्चीत बसून होती. दोन आरत्या होईपर्यंत ती काही बोलली नाही. तिसरी सुरू करताना तिने हाताने थांबवलं.

‘पट्टी खंयची गो?’

‘पांढरी चार.’

‘बरी आसा,’ म्हणाली आणि शेजारच्या मुलाच्या हातातली झांज स्वतःकडे घेतली.